आठ घरांमधली मोकळी जागा

मोशीत आम्ही घर घेतलं तेव्हा खरेदीखतात एक ओळ होती: मधली मोकळी जागा सर्व घरमालकांच्या सामाईक वापरासाठी राहील. सही करताना मी ती ओळ दोनदा वाचली. धाराशिवकडच्या आमच्या गावात घर लहान आणि अंगण मोठं असायचं. इथं घराला अंगण नव्हतंच, पण दार उघडलं की समोर मोकळी जागा होती. पोरांना खेळायला झालं, एवढंच तेव्हा मनात आलं.

ही जमीन मूळची आबांची. आबा म्हणजे मोशीतलेच जुने शेतकरी. त्यांनी त्या तुकड्यावर सात घरांपुरते प्लॉट पाडून विकले आणि एका बाजूला आपलं जुनं घर ठेवलं. तीन बाजूंना आम्ही सात, चौथ्या बाजूला आबा आणि आजी. मधली जागा कुणा एकाची नाही. सातबाऱ्यावर आठही घरांची नावं एकाखाली एक, आणि कुणाचा हिस्सा कुठला याची कसलीही खूण नाही.

जागा सगळ्यांची असली की ती साफ कुणी करायची, हा प्रश्न पहिल्याच पावसाळ्यात आला. गाजरगवत गुडघ्यापर्यंत वाढलं. प्रत्येक जण म्हणाला, बघू, एक दिवस सगळे मिळून काढू. तो दिवस काही उजाडला नाही. मग कोपऱ्यावरच्या काकांनी न्हाणीघराच्या फरशा बदलल्या आणि जुन्या फरशा 'तात्पुरत्या' तिथं टाकल्या. काका कंपनीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, अत्यंत टापटिपीचा माणूस. त्यांनीच टाकल्या म्हटल्यावर बाकीच्यांनाही मोकळीक मिळाली. आमच्या स्वयंपाकघराचा फुटका कडप्पाही तिथंच गेला. आबांची मोडकी ट्रॉली आणि कडब्याची गंजी आधीपासून होतीच. रात्रीतून बाहेरचे टेम्पोही राडारोडा ओतून जायला लागले. खड्ड्यांत पाणी साचलं, डास झाले, आणि पोरांना मी दाराबाहेर सोडेनाशी झाले.

काकांनी महापालिकेत तक्रार केली. आरोग्य विभागाचे एक निरीक्षक आले. बिचारे भले माणूस होते. सगळी जागा फिरून पाहिल्यावर म्हणाले, "ही खाजगी जागा आहे. आम्ही साफ करायची नोटीस काढू शकतो. नाही केलंत तर आम्ही साफ करू आणि खर्च मालकांकडून वसूल करू."

"काढा ना मग नोटीस," काका म्हणाले.

"काढतो. पण ती आठही मालकांना निघेल."

"म्हणजे तक्रार मी केली आणि नोटीस मलाच?"

"तुम्ही मालक आहात ना, काका?"

निरीक्षकांनी जाता जाता सुचवलं, की आधी आपापसांत लिहून ठेवा, साफसफाई कुणी करायची, कुंपण कसं घालायचं. एका कागदावर आठ सह्या झाल्या की पुढचं सोपं.

सात होकार मिळायला वेळ लागला नाही. एक घर बंद असायचं, त्याचे मालक नोकरीनिमित्त नागपूरला होते. त्यांनीही फोनवर होकार दिला. राहिले आबा. काका आणि माझा नवरा त्यांच्याकडे गेले. आबांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सफाई करा. मी आडवा येत न्हाई. पर सही न्हाई करनार."

"का पण आबा?"

"न्हाई करनार म्हनलं ना."

दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा काकांचा आवाज चढला. आबा उठून आत निघून गेले. त्यानंतर काका म्हणायला लागले, की म्हाताऱ्याला ती जागा गिळायची आहे, आता कोर्टाशिवाय इलाज नाही. इतरांनाही तसंच वाटू लागलं. सफाईला ना नाही आणि सहीला मात्र नकार, याचा दुसरा काय अर्थ लावणार?

मी संत तुकाराम नगरच्या एका शाळेत गणित शिकवते. शाळेतल्या एका मैत्रिणीची नणंद वकील होती, पिंपरीत एका स्टेशनरीच्या दुकानावर तिचं छोटंसं ऑफिस. मी, माझा नवरा आणि काका तिच्याकडे गेलो. वयानं माझ्याहून लहान असेल. आम्ही तिला मॅडमच म्हणायला लागलो, आजही म्हणतो.

काकांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "आम्हाला दावा लावायचा आहे."

"कशाचा?" मॅडमनी विचारलं.

"वाटणीचा. आमचा आमचा हिस्सा तोडून द्या म्हणावं."

मॅडमनी खरेदीखत आणि सातबारा शांतपणे वाचला. मग आम्हाला जे सांगितलं ते वर्गात शिकवल्यासारखं सोपं होतं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. सामाईक जागेत, त्या म्हणाल्या, वाटणी होईपर्यंत प्रत्येकाचा हक्क मातीच्या कणाकणावर असतो. तुम्ही म्हणू शकत नाही की हा कोपरा माझा, आणि आबाही म्हणू शकत नाहीत. वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात लावता येतो. पण एवढ्याशा जागेचे आठ तुकडे करून कुणाच्या हाताला काय लागणार? नीट तुकडे होत नसतील तर जागा विकून पैसे वाटण्यापर्यंतही गोष्ट जाऊ शकते. शिवाय खरेदीखतात सामाईक वापर असं स्वच्छ लिहिलंय, वाटणी मागायला गेलात की तुमचीच ओळ तुम्हाला आडवी येईल.

"मग मनाई हुकूम?" काका सोडायला तयार नव्हते.

"कशाला मनाई? ते तुम्हाला अडवतच नाहीयेत. सफाई करा म्हणतायत."

महापालिकेचा रस्ता आम्ही पाहिला होताच. घाणीमुळे आरोग्याला धोका आहे म्हणून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे उपद्रवाचा अर्जही करता येईल, पण तिथंही समोर आठही मालक उभे राहणार. सगळ्यात चांगला रस्ता करारनाम्याचा, म्हणजे जागा कशी वापरायची आणि कशी राखायची हे आठजणांनी लिहून ठरवायचं. आणि तो रस्ता आबांच्या सहीपाशी अडला होता.

शेवटी ठरलं, की आधी वकिलाची नोटीस पाठवून बघू. मॅडम नाखूश होत्या. "पाठवते," त्या म्हणाल्या, "पण नोटिशीची भाषा कडक असते. आणि ती मिळाल्यानंतरही तुम्हाला रोज सकाळी त्यांच्याच दारासमोरून जायचंय."

"कडकच पाहिजे," काका म्हणाले. आम्ही दोघं गप्प बसलो, म्हणजे होकारच दिला.

नोटीस पोचायच्या आतच मला ताप भरला. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी उठता येईना. रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला, प्लेटलेट उतरलेल्या. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. नवरा चाकणजवळच्या एका कंपनीत मेंटेनन्सला, तेव्हा त्यांच्याकडे मशीन बंद पडल्यामुळे शिफ्टवर शिफ्ट चालू होती. त्यानं कशीबशी रजा घेतली, पण हॉस्पिटल आणि घर दोन्ही एकट्यानं सांभाळायचं होतं. पोरं शाळेत जाणारी. माझी आई गावाकडून यायची म्हणजे दोन दिवस तरी लागणार.

पहिल्याच संध्याकाळी आजी आमच्या दारात आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "पोरास्नी माज्याकडं धाड. अन् सयपाकाचं बगू नगंस." दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळचा डबा सुरू झाला. पोरांना भाकरी, भाजी, दूध. माझ्यासाठी पातळ मऊ भात आणि वरणाचं पाणी वेगळ्या डब्यात.

आणि मग एका सकाळी आबा स्वतः डबा घेऊन आले. हे मी पाहिलेलं नाही, पण नवऱ्यानं हॉस्पिटलच्या स्टुलावर बसून मला ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मी विसरणार नाही. आबांच्या एका हातात डबा होता. दुसऱ्या हातानं त्यांनी खिशातून लांबट पाकीट काढलं.

"पोस्टमन देऊन गेला. विंग्रजीत हाय. जरा वाचून दाव."

ती आमचीच नोटीस होती. खाली सात घरमालकांची नावं, त्यात माझ्या नवऱ्याचं. तो म्हणाला, मला वाटलं, सांगावं की चष्मा नाही, नंतर वाचतो. पण आबा उंबऱ्यावर बसले होते आणि पोरं त्यांच्या मांडीला टेकून उभी होती. त्यानं नोटीस उघडली आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेला. आपण हेतुपुरस्सर अडथळा आणत आहात. आपल्या कृत्यामुळे इतर सहमालकांचं नुकसान होत आहे. आपण पंधरा दिवसांत सहकार्य न केल्यास कायदेशीर कारवाई केली जाईल. शेवटी नावं आली. आपलं नावही त्यानं वाचलं.

आबा म्हणाले, "बरं. डबा गरम हाय तवर पोरास्नी वाढ."

एवढंच. कागद घडी करून खिशात ठेवला आणि गेले. नवरा सांगत होता आणि मी सलाईनच्या नळीकडे बघत होते. मी विचारलं, "संध्याकाळी डबा आला?"

"आला," तो म्हणाला. "आजींनी आज पोरांसाठी शिरा पण केला होता."

घरी आले तेव्हा उभं राहिलं तरी चक्कर यायची. आजी रोज दुपारी येऊन बसायच्या. एक दिवस मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आजी, आम्ही तुम्हाला नोटीस पाठवली, आणि तुम्ही..."

"नोटीस तुमी मोठ्यांनी धाडली," त्या म्हणाल्या. "पोरांनी न्हाई. अन् तापाला काय ठावं कुनी काय धाडलंय ते."

मग त्यांनी मला ते सांगितलं जे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं. खूप वर्षांपूर्वी, इकडं घरं उठायला लागली होती तेव्हा, नात्यातलाच एक माणूस कागद घेऊन आला होता. नुसती नोंद करायची आहे म्हणाला. आबांनी विश्वासानं सही केली. नंतर कळलं, रस्त्याकडची सगळ्यात चांगली जमीन गेली. वर्षानुवर्षं कोर्टात फेऱ्या घातल्या, पण कागदावर सही त्यांची होती. "तवापास्नं," आजी म्हणाल्या, "ब्यांकेतबी सही करायची म्हनली की ह्यांचा हात थांबतोय. तुमी आला अन् म्हनला, आबा, नुसती सही करा. त्यो बी असंच म्हनला हुता."

मी तिथल्या तिथं मॅडमना फोन केला. सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "हे मी विचारायला हवं होतं. मी तिथं येते. तुम्ही फक्त सगळ्यांना जमवा आणि काकांना सांगा, आवाज चढवायचा नाही."

पुढच्या रविवारी सकाळी त्या स्कूटरवरून आल्या. आधी जागा फिरल्या. एका ठिकाणी चिखलात पाय घोट्यापर्यंत गेला, तो नळावर धुतला आणि तशाच ओल्या पायानं आबांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. आम्ही सगळे समोर सतरंजीवर. नागपूरचे मालक फोनवर.

मॅडम म्हणाल्या, "आबा, ती नोटीस मी लिहिली होती. ती मी मागे घेते. आज दुसरा कागद आणलाय, मराठीत आहे. मी वाचते. जिथं पटणार नाही तिथं मला थांबवा."

आबा म्हणाले, "वाचा."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. काही ओळींनंतर हस्तांतरण हा शब्द आला. वाक्य खरं तर 'या करारान्वये जागेचे कोणतेही हस्तांतरण होणार नाही' असं होतं. पण तो शब्द ऐकताच आबा ताठ झाले. "थांबा. ह्यो शबुद त्या कागदात हुता."

"अहो, नाही होणार असंच लिहिलंय ना," काका म्हणाले.

मॅडमनी हातानं काकांना थांबवलं. पेन काढून ते अख्खं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणतही होत्या: "जागा आज जशी आठजणांची आहे तशीच राहील. कुणाचं नाव कमी होणार नाही, कुणाचं वाढणार नाही. बरोबर?"

"परत वाचा," आबा म्हणाले. त्यांनी परत वाचलं. "ह्यानं सातबाऱ्याला काय हुतंय?"

"काही नाही. हा कागद तलाठ्याकडे जातच नाही. सही केल्यावर तुम्ही स्वतः सातबारा काढून बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका."

असं प्रत्येक कलम झालं. एका कलमात आधीचा राडारोडा कुणी उचलायचा ते होतं. काकांचं म्हणणं, जास्त भाग आबांचा, ट्रॉली आहे, कडबा आहे. आबा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "कडबा माजाच हाय. पर त्या निळ्या फरशा काय माज्या गोठ्यातल्या हायेत व्हय?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "त्या आमच्या आहेत." मी म्हणाले, "आणि तो काळा कडप्पा आमचा." शेजारची म्हणाली, विटा आमच्या. बघता बघता सगळ्यांनी आपापला ढीग ओळखला. ठरलं, की मशीन बोलवायचं आणि सगळा राडारोडा आठजणांनी मिळून उचलायचा, हिशोबाच्या भानगडीत पडायचं नाही.

त्या दिवशी आबांनी सही केली नाही. म्हणाले, "कागद ठेवून जावा." काकांचा चेहरा पडला. पण मॅडम लगेच म्हणाल्या, "नक्की ठेवा. कुणालाही दाखवा, दुसऱ्या वकिलाला दाखवलात तरी चालेल." आबांनी तो कागद लेकीकडे नेला, जावयाकडून वाचून घेतला, आणखी कुणाकुणाला दाखवला. आठवडाभर आम्ही कुणीच त्यांना त्याबद्दल विचारलं नाही. काकासुद्धा थांबले, त्यांना ते किती अवघड गेलं असेल याची मला कल्पना आहे.

मग एक दिवस आबाच आमच्या दाराशी आले आणि म्हणाले, "त्या बाईला बोलवा. कुठं जायचं हाय सहीला?" नोटरीसमोर सह्या झाल्या, नागपूरचे मालकही त्यासाठी आले होते. आबांनी हळूहळू, अक्षरं लावत पूर्ण नाव लिहिलं. आजी शेजारी उभ्या होत्या. बाहेर आल्यावर काकांनी आबांना हात दिला. आबांनी तो नुसता धरला नाही, तर त्याचा आधार घेऊन ते पायऱ्या उतरले.

जेसीबी आला तो दिवस म्हणजे आमच्याकडे सण होता. सगळी घरं बाहेर. ट्रॉली भंगारात गेली. एका कडेला ढिगाआड दडलेलं कडुलिंबाचं झाड निघालं, ते ठेवायचं असं सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "माती चांगली आहे की राव इथली." आबांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याला जेवायलाच बसवलं. पुढं खड्डे बुजवले, तारेचं कुंपण घातलं, बाहेरचे टेम्पो बंद झाले. महिन्याभरानं आबा सेतू केंद्रातून नवा सातबारा घेऊन आले आणि आठही नावं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. आपलं नाव आलं तेव्हा म्हणाले, "हाय ना? झालं तर मग."

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. गाड्या कुठं लावायच्या यावरून दोनदा कडाक्याचं भांडण झालं आहे. सफाईची पाळी कुणीतरी चुकवतं आणि काका त्याच्या दारासमोर जाऊन झाडू आपटतात. पण उन्हाळ्यात आजी आणि आम्ही बायका तिथं कुरडया घालतो, पोरं संध्याकाळी अंधार पडेपर्यंत आत येत नाहीत, आणि पावसाळ्यात मला डासांची पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला या गोष्टी फार मोठ्या वाटतात. मला त्या अजून तशाच वाटतात.

मॅडमच्या नोटिशीनं काम झालं नाही, तरी मी त्यांची ऋणी आहे. आपण लिहिलेला कागद सगळ्यांसमोर मागे घेणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. आजींचे आभार मानायला गेले की त्या हातातलं काम वाढवतात, म्हणून ते मी मनातच मानते.

मागच्या महिन्यात मॅडम दोन भावांना घेऊन आल्या होत्या. निघोजेचे. त्यांचंही असंच, दोन घरांमधलं सामाईक आवार, उकिरडा झालेला, आणि दोघंही वाटणीचा दावा लावायला निघालेले. मॅडमनी त्यांना आमची जागा दाखवली आणि आबांच्या ओट्यावर नेऊन बसवलं. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, जे काही बोलायचं ते आबांकडे बघून.

आबांनी दोघांचं ऐकून घेतलं. धाकट्याला आवार साफ करून कुंपण घालायचं होतं आणि थोरला त्याला नाही म्हणत होता. मग धाकट्याला विचारलं, "थोरला का न्हाई म्हनतोय, हे त्याला इचारलंस का?"

"त्याला काय विचारायचं, आबा?"

"आमालाबी कुनी इचारलं नव्हतं," आबा म्हणाले आणि आजींना चहा टाकायला सांगितला.

चहा झाला. दोघे भाऊ कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले. काय बोलले ते आमच्यापर्यंत आलं नाही, पण बराच वेळ उभे होते, आणि मॅडम घड्याळाकडे न बघता ओट्यावर बसून राहिल्या.